ऑक्सफर्डचा करंडक आणि ऑक्सफर्डची माघार

१४ मार्च १८७४ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाने रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाला २-० असे हरवून फुटबॉल असोसिएशनचा करंडक, म्हणजेच एफए कप, जिंकला. स्पर्धेचे ते तिसरे वर्ष होते. त्यानंतर आजवर कुठल्याही विद्यापीठाच्या संघाला हा करंडक मिळालेला नाही. १८७३ ते १८८० या काळात ऑक्सफर्डने चार वेळा अंतिम सामना गाठला, आणखी दोन वेळा उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली आणि १८८० च्या अंतिम सामन्यानंतर या स्पर्धेतून अंग काढून घेतले.

या आठ वर्षांबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार आधुनिक फुटबॉलची जडणघडण होत असताना जे मोजके संघ तिच्या केंद्रस्थानी होते, त्यांपैकी ऑक्सफर्ड एक होता. दुसरे मत असे की मैदान बहुतांश श्रीमंतांच्याच हाती होते तोवर श्रीमंतांच्या मुलांनी करंडक जिंकला, यापलीकडे त्यात फारसे काही नाही. पुढील संवादात पहिली बाजू महाविद्यालयातील एक क्रीडाशिक्षक मांडतात आणि दुसरी इतिहासाच्या एक प्राध्यापिका. घटनांबद्दल दोघांचे दुमत नाही. वाद आहे तो त्या घटनांच्या अर्थाचा.

क्रीडाशिक्षक : मॅडम, ऑक्सफर्डच्या संघाची गोष्ट केंब्रिजपासून सुरू करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये ‘फुटबॉल’ नावाचा एक खेळ नव्हताच. प्रत्येक मोठ्या शाळेचा आपापला फुटबॉल होता. आपल्याकडे हुतूतूचे नियम जसे गावागणिक वेगळे असत, तसं. रग्बी शाळेपाशी ऐसपैस हिरवळ होती, तिथे चेंडू हातात घेऊन पळणं आणि अंगावर जाऊन अडवणं चालायचं. चार्टरहाउसची मुलं दगडी ओवऱ्यांमध्ये खेळायची. तिथे कोणाला खाली पाडणं म्हणजे हाडं मोडणं, म्हणून चेंडू पायाशी ठेवून वाट काढण्याचं कसब वाढलं. ही सगळी मुलं विद्यापीठात आली की एकत्र खेळायची सोय उरत नसे. १८४८ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या शाळांचे प्रतिनिधी एका खोलीत बसवले आणि सामाईक नियम लिहून काढले. दुपारी सुरू झालेली ती बैठक मध्यरात्रीपर्यंत चालली. हे नियम पुढे छापून पार्कर्स पीस या मैदानावर लावले गेले. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिच्यापुढे केंब्रिजच्या नियमांची नवी आवृत्ती होती. नडगीवर लाथ मारण्याची मुभा काढून टाकली गेली, ती याच वादात. विद्यापीठं नसती तर हा खेळ शाळांच्या भिंतींआडच राहिला असता.

प्राध्यापिका : शाळांच्या भिंतींआड राहिला असता, हे मान्य. पण त्या शाळा कोणाच्या, हेही त्याच दमात सांगायला हवं, सर. ईटन, हॅरो, विंचेस्टर, वेस्टमिन्स्टर, चार्टरहाउस. जमीनदार, बिशप, बॅरिस्टर, लष्करी अधिकारी यांची मुलं. त्यातून ऑक्सफर्डची सगळी दारं अँग्लिकन पंथाबाहेरच्या माणसाला उघडली, ती १८७१ च्या कायद्याने. बायकांसाठी पहिली दोन सभागृहं १८७९ ला सुरू झाली आणि त्यांना पदवी मिळायला १९२० साल उजाडलं. म्हणजे ज्या दशकात हा संघ नावारूपाला आला, त्या दशकातलं विद्यापीठ किती थोड्यांचं होतं ते पाहा. खेळाचे नियम एक झाले, पण कोणासाठी?

फुटबॉल असोसिएशनच्या नियमांनी खेळणारा क्लब ऑक्सफर्डमध्ये उशिरा आला. तिथे रग्बीचा क्लब १८६९ मध्येच स्थापन झाला होता. १० फेब्रुवारी १८७२ रोजी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातला पहिला रग्बी सामनाही ऑक्सफर्डच्याच मैदानावर झाला होता. असोसिएशनच्या खेळाचे चाहते मुख्यतः ईटन, वेस्टमिन्स्टर, चार्टरहाउस आणि विंचेस्टर या शाळांतून आलेले होते. १८७१-७२ च्या सुमारास त्यांनी स्वतंत्र संघ उभा केला आणि दुसऱ्याच वर्षी तो करंडकाच्या स्पर्धेत उतरला. गडद निळा हा विद्यापीठाचा रंग त्यांनी घेतला.

या संघाची घाई लक्षात घेण्याजोगी आहे. स्पर्धा सुरू होऊन एकच वर्ष झाले होते. पहिल्या वर्षीच्या स्पर्धेत १५ क्लबांनी नावे दिली होती आणि करंडक वाँडरर्स या लंडनच्या संघाकडे गेला होता. नव्याने जमलेला ऑक्सफर्डचा संघ पहिल्याच प्रयत्नात अंतिम सामन्यात पोहोचला.

क्रीडाशिक्षक : आणि ३० नोव्हेंबर १८७२ विसरू नका. ग्लासगोजवळच्या पार्टिकमध्ये, हॅमिल्टन क्रेसेंटवर, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. गोलशून्य बरोबरी. इंग्लंडचा कर्णधार होता कथबर्ट ऑटवे, ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्याबरोबर ऑक्सफर्डचे आणखी दोघे होते, आर्नल्ड कर्क स्मिथ आणि फ्रेडरिक चॅपल. स्मिथने त्या दिवशी घातलेला सदरा आजही जपून ठेवलेला आहे. ज्या क्लबला धड दोन वर्षं झाली नव्हती, त्याने देशाला पहिला कर्णधार दिला. ऑटवे तर फुटबॉलखेरीज क्रिकेट, मैदानी स्पर्धा, रॅकेट्स आणि रिअल टेनिस या खेळांतही विद्यापीठाकडून उतरला. पाच खेळांत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व करणारा माणूस तुम्हाला फारसा महत्त्वाचा वाटत नाही?

प्राध्यापिका : माणूस म्हणून फार वाटतो. पण पाच खेळ खेळायला वेळ आणि पैसा कोणाकडे असतो, हाही इतिहासच आहे. १८७३ चा अंतिम सामनाच घ्या. ऑक्सफर्डची उपांत्य फेरी ग्लासगोच्या क्वीन्स पार्कशी होती. क्वीन्स पार्कला लंडनपर्यंतचा प्रवास परवडला नाही, त्यांनी माघार घेतली, ऑक्सफर्ड न खेळता अंतिम सामन्यात. पुढे काय झालं? करंडक आधीच हाती असलेले वाँडरर्स त्या वर्षी आधीच्या फेऱ्या न खेळता थेट अंतिम सामन्यात आले आणि मैदान निवडण्याचा हक्कही त्यांचाच. २९ मार्चला लिली ब्रिजवर सामना सकाळी ठेवला, कारण दुपारी टेम्स नदीवर ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोटींची शर्यत होती आणि खेळाडूंना नि प्रेक्षकांना ती चुकवायची नव्हती. फुटबॉलला त्या समाजात कितवं स्थान होतं, ते या वेळापत्रकात दिसतं.

प्राध्यापिकांचा मुद्दा वजनदार आहे, पण त्या सामन्यातील एक प्रसंग दुसऱ्या बाजूनेही बोलतो. आर्थर किनेर्डने वाँडरर्ससाठी पहिला गोल केल्यावर ऑक्सफर्डने गोलरक्षक अँड्र्यू लीचला गोल सोडून आघाडीत पाठवले. मोकळ्या गोलात चार्ल्स वोलस्टनने दुसरा गोल मारला आणि सामना २-० असा संपला. डाव फसला खरा. पण सामना हरत असताना एक माणूस पुढे सरकवून हल्ला वाढवण्याची कल्पना त्या पोरांना तेव्हा सुचली होती, ही खेळाच्या इतिहासातली महत्त्वाची नोंद आहे. बोटींची शर्यत पाहायला जाण्याआधी वेळ घालवण्यासाठी ते खेळत नव्हते.

त्याच वाँडरर्स संघात विल्यम केनियन-स्लेनी होता. तोही ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात शिकलेला होता. त्याचा जन्म १८४७ चा, राजकोटचा. काठेवाडचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्यातून चालत असे. ८ मार्च १८७३ रोजी ओव्हलवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला तो या राजकोटच्या माणसाने. त्याच सामन्यात स्कॉटलंडसाठी गोल करणारा हेन्री रेनी-टेल्यूर मसुरीत जन्मलेला होता. वर्षभराने ऑक्सफर्डविरुद्धच्या अंतिम सामन्यात रॉयल इंजिनिअर्सकडून खेळला, तो हाच रेनी-टेल्यूर.

१८७३-७४ च्या हंगामात ऑक्सफर्डची वाट सोपी नव्हती. पहिली दोन्ही वर्षे करंडक जिंकलेल्या वाँडरर्सशी त्यांची गाठ तिसऱ्या फेरीतच पडली. पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला, दुसरा ऑक्सफर्डने १-० जिंकला. उपांत्य फेरीत क्लॅपम रोव्हर्सवरही त्यांनी एकाच गोलने मात केली.

क्रीडाशिक्षक : अंतिम सामना नीट पाहिला पाहिजे, मॅडम. समोर रॉयल इंजिनिअर्स होते. त्या काळात बहुतेक संघ एकेकट्याने चेंडू पायाशी घेऊन जायचे, बाकीचे त्याच्या मागे धावायचे, चेंडू सुटला की पुढचा घ्यायचा. इंजिनिअर्स मात्र एकमेकांना चेंडू देत खेळत. एका पलटणीचे शिस्तबद्ध लोक, वर्षानुवर्षं एकत्र. कर्णधार विल्यम मेरिमन स्वतः गोलात. ऑक्सफर्डकडे काय होतं? रॉबर्ट व्हायडल. चेंडू पायाला चिकटल्यासारखा नेणारा, ‘ड्रिब्लिंगचा राजपुत्र’ म्हणून ओळखला जाणारा. वेस्टमिन्स्टर शाळेत असतानाच १८७२ चा पहिला करंडक तो वाँडरर्सकडून जिंकला होता. सलग तीन अंतिम सामने खेळलेला पोरगा. पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल झाले. पहिला चार्ल्स मॅकर्नेसचा, कॉर्नरनंतरच्या गर्दीतून. दुसरा फ्रेडरिक पॅटनचा. मग उरलेला सव्वा तासाच्या आसपासचा वेळ त्यांनी इंजिनिअर्सना रोखून धरलं. गोलात चार्ल्स नेपिअन होता. हे सोपं काम नव्हतं.

त्या दिवसाचे मैदान आजच्या प्रेक्षकाला ओळखू आले नसते. गोलच्या खांबांवर आडवा दांडा नसून फीत बांधलेली असे. प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलत. हा नियम १८७५ मध्ये गेला. पेनल्टी किक अस्तित्वात नव्हती. आघाडीत सात-आठ माणसे असत आणि बचावाला दोघे-तिघे. प्रेक्षक सुमारे दोन हजार होते. दोन्ही संघांत एकेक रॉसन होता, ऑक्सफर्डकडून विल्यम आणि इंजिनिअर्सकडून हर्बर्ट, सख्खे भाऊ. आणि ऑक्सफर्डच्या अकरा जणांत एक जण विद्यार्थी नसून शिक्षक होता. रेव्हरंड आर्थर जॉन्सन हे ऑल सोल्स कॉलेजचे फेलो, इतिहासाचे अध्यापक. इतिहास शिकवणारा माणूस विद्यापीठाच्या संघातून करंडक जिंकतो, ही गोष्ट प्राध्यापिकांनीही दाद द्यावी अशीच आहे.

प्राध्यापिका : दाद देतेच. पण माझा प्रश्न संघाच्या घडणीचा आहे. व्हायडल आधी वाँडरर्सचा, मग ऑक्सफर्डचा. फ्रान्सिस बर्ली आणि फ्रेडरिक ग्रीन १८७४ ला ऑक्सफर्डकडून करंडक जिंकले, नंतर वाँडरर्सकडून. मॅडिसनचंही तेच. हा मॅडिसन म्हणजे तुम्ही मघाशी सांगितलेला फ्रेडरिक चॅपलच, त्याने १८७३ मध्ये आडनाव बदललं. तोही १८७६ ला वाँडरर्सबरोबर जिंकला. तीस-चाळीस माणसं, आज या क्लबच्या कपड्यात, उद्या त्या. ज्याला आपण ऑक्सफर्डचा संघ म्हणतो तो खरं तर मोठ्या शाळांच्या वर्तुळाचा एक तुकडा होता, तीन-चार वर्षांपुरता ऑक्सफर्डमध्ये मुक्कामाला आलेला. संघाची स्वतःची मुळं कुठे होती?

क्रीडाशिक्षक : मुळं नव्हती म्हणूनच तर त्यांनी जे केलं ते मोठं. मार्च १८७४ मध्ये ऑटवे काय करत होता पाहा. ७ तारखेला ग्लासगोत इंग्लंडचा कर्णधार, तिथे २-१ अशी हार. १४ तारखेला ओव्हलवर विद्यापीठाचा कर्णधार आणि हाती करंडक. ३० तारखेला त्याच ओव्हलवर केंब्रिजविरुद्ध असोसिएशनच्या नियमांनी पहिला वार्षिक सामना, तोही ऑक्सफर्डने १-० जिंकला. एका महिन्यात देश, करंडक आणि जुना प्रतिस्पर्धी. आजच्या विद्यापीठ संघाला यातलं एकही स्वप्नात येणार नाही. ईटनचा, वेस्टमिन्स्टरचा, चार्टरहाउसचा पोरगा एकाच नियमाने एका संघात खेळायला शिकला, तो विद्यापीठात. नियमांचं पुस्तक लंडनमध्ये लिहिलं गेलं असेल, पण ते पायात उतरलं इथे.

येथे दोघांचेही म्हणणे एकाच गोष्टीवर बोट ठेवते. प्राध्यापिकांना जी उणीव दिसते, म्हणजे खेळाडूंचे तात्पुरतेपण, तीच क्रीडाशिक्षकांना संघाची कमाई वाटते. निरनिराळ्या शाळांची मुले काही वर्षांसाठी एकत्र आली, म्हणून संघ बलवान झाला. ती काही वर्षांतच पांगणार होती, म्हणून तो टिकाऊ होऊ शकला नाही. ऑक्सफर्डच्या यशाचे आणि माघारीचे कारण एकच आहे. वर्गाचा प्रश्न खरा असला तरी तो या संघाइतकाच वाँडरर्सना आणि इंजिनिअर्सनाही लागू होतो. ऑक्सफर्डचे वेगळेपण आहे ते खेळाडूंच्या दरवर्षी बदलणाऱ्या पटात.

पुढची सहा वर्षे हेच दाखवतात. १८७५ मध्ये उपांत्य फेरीत इंजिनिअर्सनी बदला घेतला. पहिला सामना बरोबरीत गेल्यावर दुसऱ्यात त्यांनी ऑक्सफर्डला हरवले. १८७६ मध्ये त्याच फेरीत वाँडरर्सनी वाट अडवली. १८७७ मध्ये उपांत्य फेरीत तीनच संघ उरले होते. ऑक्सफर्डला पुढे चाल मिळाली आणि वाँडरर्सनी केंब्रिजला १-० असे हरवले. थोडक्यात हुकले, नाहीतर दोन विद्यापीठेच करंडकासाठी समोरासमोर आली असती.

प्राध्यापिका : १८७७ चा अंतिम सामना मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात इतिहास कसा लिहिला जातो ते दिसतं. वाँडरर्सच्या गोलात किनेर्ड उभा होता. ऑक्सफर्डकडून आलेला चेंडू त्याने पकडला आणि पकडता पकडता पाऊल मागे पडलं, गोलरेषेच्या आत. पंचांनी गोल दिला. वाँडरर्सनी मग बरोबरी केली आणि जादा वेळेत विल्यम लिंडसेच्या गोलवर २-१ असे जिंकले. नंतर किनेर्डने फुटबॉल असोसिएशनला सांगितलं की चेंडू रेषेपलीकडे गेलाच नव्हता. तो स्वतः असोसिएशनच्या समितीवर. असोसिएशनने ऑक्सफर्डचा गोल नोंदीतून काढला. सुमारे शंभर वर्षं निकाल २-० असाच छापला जात होता. अलीकडच्या काळात जुनी वृत्तं तपासून तो गोल परत नोंदीत घेतला गेला. मोठा जमाव लागत नाही इतिहास बदलायला, समितीवरचा एक माणूस पुरतो.

क्रीडाशिक्षक : आणि त्या वेळी ऑक्सफर्डने भांडण उकरून काढलं नाही. पुढच्या हंगामात पुन्हा उतरले.

१० एप्रिल १८८० रोजी ऑक्सफर्डने चौथा आणि शेवटचा अंतिम सामना खेळला. प्रतिस्पर्धी क्लॅपम रोव्हर्स, तोच संघ ज्याला सहा वर्षांपूर्वी त्यांनी उपांत्य फेरीत हरवले होते. जवळपास सहा हजार प्रेक्षकांसमोर सामना जवळजवळ अखेरपर्यंत गोलशून्य राहिला आणि संपायला काही मिनिटे असताना क्लॉप्टन लॉइड-जोन्सने एकमेव गोल केला. यानंतर ऑक्सफर्डने करंडकाच्या स्पर्धेत नाव दिले नाही.

प्राध्यापिका : आता माघारीचं सांगा, सर. हरल्यावर निघून गेले, एवढंच ना?

क्रीडाशिक्षक : नाही. वेळापत्रक बघा. ऑक्सफर्डचं सत्र आठ आठवड्यांचं, वर्षात तीन. हिवाळ्यातलं दुसरं सत्र मार्चच्या मध्यावर संपतं. १८७४ चा अंतिम सामना १४ मार्चला होता, म्हणून संघ जागेवर होता. १८८० चा १० एप्रिलला, म्हणजे भर सुट्टीत. स्पर्धेत नावं देणारे क्लब दरवर्षी वाढत होते, फेऱ्या वाढत होत्या, हंगाम लांबत होता. त्यात शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे संघ जोरात आले. १८८१ चा करंडक ओल्ड कार्थुझियन्सनी जिंकला, म्हणजे चार्टरहाउसच्या माजी विद्यार्थ्यांनी. त्यांचा कर्णधार एडवर्ड पॅरी हा १८७७ च्या अंतिम सामन्यात ऑक्सफर्डकडून खेळलेला. आपलेच खेळाडू आपल्या शाळेच्या संघाकडून त्याच स्पर्धेत उतरणार असतील, तर विद्यापीठाने संघ कोणाचा करायचा?

प्राध्यापिका : वेळापत्रकाचं कारण पटतं. पण त्याच वेळी उत्तरेकडे वेगळं काही घडत होतं. १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका-मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं आणि हळूहळू शनिवारची दुपार गिरणगावाची झाली. त्या दुपारीच लँकेशरचा फुटबॉल वाढला. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिकने ओल्ड ईटोनियन्सना जादा वेळेत २-१ असं हरवलं. विजयी गोल करणारा जिमी कॉस्टली सूतगिरणीतला कामगार. अंतिम सामन्याआधी संघ ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी सरावाला नेला होता, खर्च एका ओतशाळेच्या मालकाने उचलला होता. दोन वर्षांनी, जुलै १८८५ मध्ये, पैसे घेऊन खेळायला असोसिएशनला मान्यता द्यावीच लागली. ऑक्सफर्ड १८८० मध्ये गेलं नसतं तरी १८८५ नंतर टिकलं नसतं.

क्रीडाशिक्षक : टिकलं नसतं, हे मी नाकारत नाही. पण कॉस्टली ज्या नियमांनी खेळला, ज्या करंडकासाठी खेळला, ज्या राष्ट्रीय सामन्यांमुळे खेळाला वर्तमानपत्रांत जागा मिळाली, ते सगळं त्याच्यासाठी तयार करून ठेवलेलं होतं. ते करणाऱ्यांत ऑक्सफर्डची ही मुलं होती.

प्राध्यापिका : तयार करून ठेवलं, पण त्याच्यासाठी म्हणून नव्हे. एवढी दुरुस्ती करून तुमचं वाक्य मी घेते.

करंडक जिंकणाऱ्या अकरा जणांचे पुढचे आयुष्य मैदानापासून लांब गेले. कर्णधार ऑटवे बॅरिस्टर झाला. एका रात्रीच्या नृत्यसमारंभानंतर त्याला थंडी बाधली आणि २ एप्रिल १८७८ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, तो वारला. मॅकर्नेस, नेपिअन आणि व्हायडल चर्चच्या सेवेत गेले. व्हायडल डेव्हनमधल्या ॲबट्सम गावाचा धर्मोपदेशक होता. रॉबर्ट बेन्सन सावकारी पेढीत शिरला आणि इटालियन चित्रांचा जाणता संग्राहक म्हणून ओळखला गेला. मॅडिसन संगीत-प्रकाशनाच्या व्यवसायात होता आणि त्याची पत्नी अडेला मॅडिसन संगीतकार होती. पूर्णवेळ खेळाडू यांपैकी एकही झाला नाही, कारण तसा पेशाच तोवर अस्तित्वात नव्हता.

विद्यापीठाचा क्लब मात्र बंद पडला नाही. केंब्रिजविरुद्धचा वार्षिक सामना हा त्याच्या हंगामाचा मुख्य सामना ठरला. १८८२ मध्ये लंडनमध्ये कोरिंथियन्स हा हौशी खेळाडूंचा संघ निघाला. त्याच्या मूळ नियमात करंडकासाठी न खेळण्याचे बंधन होते. या संघात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे आजी-माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. कीबल कॉलेजचा जी. ओ. स्मिथ त्यांपैकी एक. १८९० च्या दशकात तो इंग्लंडच्या आघाडी फळीत मध्यभागी खेळत होता आणि व्यावसायिक खेळाडूंचा भरणा असलेल्या इंग्लंडच्या संघाचे नेतृत्वही त्याने केले.